पौषातलं शूटिंग

पौष लागला की फोनवर हुरड्याची निमंत्रणं यायला लागतात. सिल्लोड रस्त्याला कुणाचं तरी शेत असतं, झाडाखाली बाजा टाकलेल्या असतात, पोरांसाठी झोका, मोठ्यांसाठी बैलगाडीची फेरी, आणि मधोमध आगटी पेटवलेली. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, लसणाची चटणी, गूळ, वर ताक. ‘मॅडम, या रविवारी नक्की यायचं हं.’ मी दरवर्षी काहीतरी सबब सांगते. कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी नळाला पाणी येण्याचा दिवस. आमच्या शहरात ही शेवटची सबब कुणालाही खोटी वाटत नाही.

खरं कारण असं, की पौषातल्या त्या कोरड्या गारठ्यात, उघड्या रानात, जाळाभोवती माणसं कोंडाळं करून बसली की मला तिथं हसताखेळता येत नाही. एका पौषात आम्ही एका माणसाला जाळलं होतं. म्हणजे खोटंच, कॅमेऱ्यासमोर. तरी सांगताना ‘खोटंच’ हा शब्द माझ्या तोंडातून सरळ निघत नाही.

संतोष माझा विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसून निबंधाच्या वहीत सिनेमाची दृश्यं लिहायचा. पुढे वाळूजच्या एका कारखान्यात लागला, बजाजनगरात एका खोलीत राहायला लागला आणि शिफ्ट सांभाळून सिनेमा काढायचं खूळ त्यानं डोक्यात घेतलं. कुणी निर्माता नाही, कुणी नट नाही. कॅमेरा मित्राचा, माणसं गावची. माझ्या घरी येऊन म्हणाला, “मॅडम, आमच्या गावच्या किसन फौजीवर पिच्चर काढतोय. डायलॉग तुम्ही लिहायचे.” मी म्हटलं, “अरे, तुमच्या गावची बोली मला कुठं येते?” तर म्हणे, “तुम्ही फक्त लिहा, गाव बोलंल.” आणि गाव बोललं. इतकं बोललं की मला लिहायला काही उरलंच नाही.

किसन हा त्या गावाचा देव होता. अजिंठ्याच्या वाटेवरचं गाव, काळी जमीन, मारुतीच्या देवळामागं हुतूतूचं मैदान. कबड्डीला तेव्हा तिकडं हुतूतूच म्हणायचे. किसनचा दम म्हणजे काय, हे सांगताना म्हातारी माणसं स्वतःच श्वास रोखून धरायची. पलीकडच्या संघात शिरला की लोक तंबाखू मळायला घ्यायचे, तोंडात टाकायचे, तरी त्याचं हुतूतू चालूच. हा दम त्याला आला कुठून, याचीही गोष्ट होती. रझाकारीच्या वर्षी तो अंगावर पिणारा. गाव सोडून माणसं उभ्या बाजरीत लपली होती आणि लेकरू रडलं तर सगळेच जातील म्हणून आईनं त्याचं तोंड हातानं दाबून धरलं होतं. “तव्हाच शिकला तो दम कोंडायला,” गाव सांगायचं. पोलीस अॅक्शन झाली, माणसं घरी आली, पोरगं वाढलं, मैदान मारू लागलं, आणि त्या दमाच्या जोरावर पलटणीत गेलं. एकाहत्तरच्या लढाईत गेलं ते गेलंच.

आमच्या नटाला तो दम काही जमेना. बिचारा जिममध्ये कमावलेला पोरगा, दंड असे, छाती अशी, आणि मध्यरेषा ओलांडली की धापा टाकायचा. मैदानाच्या कडेला बसलेले लिंबाजीआबा कपाळाला हात लावायचे. हे किसनचे संघातले जोडीदार. “ह्याला आधी पळवा रे रानातून,” म्हणायचे, “ह्यो तर फोटू काढायला फुगवलेला हाय.” त्या दिवसांत आम्ही खूप हसायचो. सकाळी तोंडातून वाफा निघायच्या, कापसाची शेवटची वेचणी चाललेली, तुरी वाळायला लागलेल्या, वाऱ्याला धारेसारखा गारवा. म्हातारे म्हणायचे, पौषात कुणी नवं काम सुरू करतं का? संतोष म्हणायचा, कारखान्याची सुट्टी मला पौषातच मिळते, आता काय करता!

गावानं आम्हाला घरं दिली, बैल दिले, दोन्ही वेळची भाकरी दिली. त्याबदल्यात गावाचं एकच मागणं होतं. किसनची अंत्ययात्रा दाखवायची, आणि झाली तशीच्या तशी. मग प्रत्येकानं आम्हाला ती सांगितली. हिरवा ट्रक वेशीत थांबला. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी उतरवली. जवानांनी बंदुका उलट्या धरल्या, बिगूल वाजला, हवेत गोळ्या झाडल्या. फुलं टाकायला आजूबाजूची गावं लोटली. एकानं तर हेलिकॉप्टर पाहिलेलं होतं. लिंबाजीआबा उजव्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, “पुढचा डावा दांडा माझ्याकडं व्हता. लई जड व्हता किसन. आतून जड.” सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे, आणि मी कागदावर भराभर उतरवून घ्यायचे.

गयामाय मात्र या बैठकांना कधी आली नाही. गयामाय म्हणजे किसनची बायको. साठी ओलांडलेली, वाळकी, ताठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्या दिवशी ते कुंकू पाहून मी चपापले होते. संतोष तिला ‘मोठी माय’ म्हणायचा, दूरचं नातं होतं काहीतरी. एके दुपारी ती अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्ही जाऊन बसलो, तर आमच्याही पुढ्यात मूठ मूठ शेंगा टाकल्या आणि म्हणाली, “पिच्चरवाले तुम्ही. चार ठिकाणी विचारता. मला एक विचारून द्या. तो आला व्हता का नाय?”

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. लढाईच्या वेळी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी होती. तार आली ती सासरी. ओली बाळंतीण, सांगायचं कसं, म्हणून दोन्ही घरांनी लपवलं. बाळही पुढे जगलं नाही. पौष संपता संपता ती सासरी परतली तेव्हा उंबऱ्यातच सासूनं गळ्यात पडून सांगितलं, आणि हेही सांगितलं की काही आलं नाही, नुसती तार आली, आणि मागून ट्रंक. “सासू म्हणली, माझ्या लेकराचं नख बी म्या बघितलं नाय, तू कुंकू पुसू नको. म्या बी नाय पुसलं.” मग वर्षं गेली. सासू गेली, सासरे गेले. आणि हळूहळू गावच तिला सांगू लागलं, की किसन आला होता, सगळ्यांनी पाहिला, तू नव्हतीस.

“आला असंल तर सासूनं मला फशिवलं,” ती म्हणाली. “नसंल आला, तर मंग तो गेला हे तरी कुणी बघितलं? पल्याडच्या तुरुंगात म्हातारा झाला असंल. व्हय का नाय? सगळ्या गावाला दिसला अन् मला एकलीला नाय. खरं काय ते आणा.”

मी शेंगा सोलत राहिले. चाळीस वर्षं एक बाई सकाळी उठून कुंकू लावते आणि तिला माहीत नाही की ते जित्या माणसाच्या नावानं की मेलेल्याच्या. तिच्या या प्रश्नापुढे आमचा सिनेमा मला फार फालतू वाटायला लागला.

लष्कराच्या छावणीतल्या ओळखीच्या माणसांना विचारत विचारत संतोषनं किसनच्या पलटणीतला एक माणूस शोधून काढला. तो आमच्याच शहरात निघाला. शहागंजात मुलाच्या चपलांच्या दुकानात दुपारभर बसून असायचे, सगळे त्यांना हवालदारचाचा म्हणायचे. पांढरी दाढी, एका कानाला ऐकू कमी. बाहेर हातगाड्यांचा, रिक्षांचा कालवा. आम्ही स्टुलांवर बसलो, आणि संतोषनं वाकून किसनचं नाव सांगितलं. चाचांनी चांगला कान पुढं केला.

“वो कबड्डीवाला? लंबे सांसवाला? हौ, मेरे बाजूकाच था.” मग आम्ही विचारलं, त्याला घरी पाठवलं होतं का. चाचा हसले, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. “नै बेटी. उस जमाने में घरकू कौन भेजता था? जो जहां गिरा, वहींच. हम पाच जन थे. लकडी जमा करे. गिली थी लकडी, उपर से ओस. गाडी का पेट्रोल डाले थोडा. पंडितजी पीछे छूट गए थे. जिसकू जो आता था वो बोला. मेरेकू जो आता था, मैं बोला.”

चपलेच्या एका खोक्यावरची धूळ बोटानं पुसत ते म्हणाले, “आधा जला था. फिर गोले गिरना चालू हुए. साब बोले, चलो. हम चले गए.”

“परत गेला नाहीत का तुम्ही?” मी विचारलं.

“वापस कौन जाता, बेटी.”

दुकानात एक बाई लेकराला सँडल घालून पाहत होती. आम्ही उठलो. संतोषनं वाकून चाचांच्या पायाला हात लावला, तर त्यांनी त्याचा हात वरच्यावर धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आम्ही बसनं गावाकडं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी उभी होती, पाखरं हाकलायला मचाणावर माणसं. अर्धवट जळलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हा विचार मला करायचा नव्हता, आणि दुसरा कुठलाही विचार डोक्यात येत नव्हता. देशासाठी प्राण दिला असं आपण किती सहज म्हणतो. चौकात पुतळा उभारतो, शाळेला नाव देतो. पण प्राण दिल्यानंतर जो देह उरतो, त्याच्याबद्दल त्या वाक्यात काहीच नसतं.

गयामायला संतोषनंच सांगितलं. मोठे माय, तो आला नव्हता. पण तो गेला, हे खरं. पाहिलेला माणूस भेटला. पाचजणांनी मिळून त्याला अग्नी दिला, जे येत होतं ते म्हटलं. ती ऐकत होती. हात सुपातल्या तुरीवर तसेच थांबलेले. रडली नाही. मग तिनं विचारलं, “थंडीचं दिस. लाकडं वली आसतील. नीट जळला का?”

“व्हय माय,” संतोष म्हणाला, “नीट जळला.”

ती मान हलवत राहिली. मी अंगणाच्या मातीकडं पाहत होते. त्या ‘व्हय’बद्दल मी संतोषला पुढे कधी विचारलं नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर काय बोलले असते, हे मला आजही सांगता येत नाही.

आता प्रश्न सिनेमाचा. खरं सांगते, मला तर शेवट सापडल्यासारखं झालं होतं. रिकामं अंगण, मधोमध एक ट्रंक, बस्स. आम्हा शिकलेल्या लोकांना असल्या रिकाम्या जागा फार आवडतात. संतोषलाही पटलं. गावाला सांगायचं ठरलं आणि देवळापुढं सगळे जमले असताना त्यानं सांगून टाकलं, की तेव्हा कुणालाच घरी आणत नसत, किसनलाही आणलं नव्हतं, तुम्ही जे पाहिलंत ते पुढे टीव्हीवर पाहिलेलं असेल. कारगिलच्या वेळी टीव्हीवर रोज तिरंग्यातल्या पेट्या दिसत होत्या, गावंच्या गावं रडत होती. तेच डोळ्यांत राहिलं असेल.

माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. मग लिंबाजीआबा काठी टेकत उठले.

“मंग म्या खांदा कुणाला दिला?” ते म्हणाले. “सांग ना रं. कुणाला दिला?”

ते खोटं बोलत नव्हते. इतकी वर्षं तो माणूस खांद्यावर ते वजन घेऊन हिंडत होता, आणि आम्ही त्याला सांगत होतो की तुझ्या खांद्यावर काही नव्हतंच. बैठक मोडली. दुसऱ्या दिवशी मैदानावर कुणी आलं नाही. बैल मिळाले नाहीत. भाकरी मात्र आली, झाकून, न बोलता ठेवून गेली माणसं.

तोडगा गयामायनं काढला. बोलावणं पाठवून आम्हाला घरी बसवलं आणि म्हणाली, “लिंबाजी भावजींचं खोटं नका पाडू. गावानं लई वागवलाय त्याला. त्यांनी सांगितला तसाच आणा. ट्रक आणा, पेटी आणा. जाळा बी. लाकडं माझ्या घरची घ्या, बाभळीची हायती, दोन उन्हाळं खाल्लेली. फकस्त एक. बायांना येऊ द्यायचं.”

त्या गावात बायका मसणवट्यात जात नाहीत. कुणाचंही प्रेत असो, वेशीपर्यंत हंबरडा फोडायचा आणि मागं फिरायचं. तेव्हा किसन खरोखर पेटीतून आला असता आणि ही घरी असती, तरी त्याची चिता हिला दिसली नसती. शूटिंग आहे म्हटल्यावर कुणाला ना म्हणता येईना. आणि मग ऐकून ऐकून शेजारच्या गल्लीतल्या, वरच्या आळीतल्या सगळ्याच बाया निघाल्या, म्हाताऱ्या, सुना, कडेवर लेकरं घेतलेल्या. नदीकाठच्या त्या जागी त्या आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवत होत्या. सगळ्या इतक्या गप्प होत्या की कॅमेरामनलाही ओरडून सूचना देववेना.

सिनेमा पुढे कसाबसा पुरा झाला, दोन-चार ठिकाणी दाखवला. एका महोत्सवात एका जाणकार गृहस्थांनी संतोषला विचारलं होतं, की बाकीचं ठीक आहे, पण चितेचा शॉट एवढा लांब कशाला, आणि तोही एकाच अँगलनं? संतोष म्हणाला, जमलं नाही सर दुसरा घ्यायला. त्या गृहस्थांनी मोठ्या मनानं मान हलवली.

झालं होतं असं. ट्रक आला, पेटी उतरली. आत आम्ही वाळूची पोती भरली होती, खांद्यावर वजन दिसावं म्हणून. लिंबाजीआबांनी पुढचा डावा दांडा कुणाला घेऊ दिला नाही. तिरंगा उतरवून, घडी घालून बाजूला ठेवला. कडब्याचा माणूस करून त्याला गणवेश घातला होता, तो चितेवर ठेवला. मला वाटलं होतं, कडबा दिसताच लोकांचा मूड जाईल, कुणीतरी फिस्सकन हसेल. कुणी हसलं नाही. बाया पदर तोंडात धरून उभ्या होत्या. सूर्य पलीकडच्या टेकडीला टेकायला आला होता आणि वारा पडला होता. लिंबाजीआबांनीच अग्नी दिला.

बाभळीची वाळलेली लाकडं, भडकन पेटली. कॅमेरा चालू होता. मग कॅमेरामननं ‘कट’ म्हटलं आणि ठरल्याप्रमाणे पोरं बादल्या घेऊन पुढं धावली. आमचं काम असंच चालतं. एका बाजूनं घेतलं की विझवायचं, पुन्हा रचायचं, दुसऱ्या बाजूनं पेटवायचं. तेवढाच उजेड शिल्लक होता.

“इजवू नका,” गयामाय म्हणाली.

मोठ्यानं नाही म्हणाली. पण पोरं बादल्या धरून जागच्या जागी थांबली. कॅमेरामन वैतागून म्हणाला, “संतोष, दुसरा अँगल राहिलाय. लाईट जातोय बघ.” संतोषनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तो गयामायकडं पाहत होता, आणि त्याचा चेहरा मी पाहिला तेव्हा मला शहागंजातलं ते चपलांचं दुकान आठवलं. “राहू दे,” तो म्हणाला. “बादल्या ठेवा खाली. कॅमेरा चालू कर पुन्हा, आणि तसाच राहू दे.”

मग कुणी काही केलं नाही. सगळं गाव उभं राहिलं. कडबा केव्हाच जळून गेला होता, नुसती लाकडं जळत होती, पण माणसं जाईनात. कॅमेऱ्याची बॅटरी संपली, तेही कुणाला कळलं नाही. हळूहळू म्हातारे निघाले, मग बाया, मग पोरांनी ट्रकमध्ये सामान भरलं. लिंबाजीआबांना दोघांनी धरून नेलं. उरलो आम्ही तिघं. गयामाय एका धोंड्यावर बसली होती, हात जाळाकडं धरून, शेकायला बसल्यासारखी. संतोष तिच्या पायाशी बसला.

“तव्हा अर्धाच राहिला व्हता ना रं?” तिनं विचारलं.

संतोषनं मान खाली घातली.

“मला त्याच दिशी उमगलं,” ती म्हणाली. “तू लई लवकर व्हय म्हणलास.”

त्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि तो रडायला लागला. तिनं त्याला थोपटलं नाही, रागावलीही नाही. त्याचं डोकं हळूच बाजूला करून ती उठली. कडेला एक लाकूड निसटून पडलं होतं, एका टोकाला काळं, दुसरीकडं कोरं. काठीनं ते तिनं आत लोटलं आणि ते दुसरं टोकही पेट धरेपर्यंत तिथंच उभी राहिली.